टोमॅटोच्या काठ्या नेमक्या मातीलगतच का मोडतात? बांबू घेताना काय बघायचं?

परसदार · २४ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मुक्काम सातारा, शाहूनगर. घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, मागे पाऊण गुंठ्याची परसबाग. जमीन मुरमाड, पण शेणखत घालून घालून वर फूटभर माती केली आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, वेलघेवडा, कुंपणाला दोडका आणि हौसेपुरती डेलियाची दहा झाडं.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून आठ फुटी तीस काठ्या आणल्या. पिवळ्याधमक, गुळगुळीत, हातात घेतल्या की बरं वाटावं अशा. पहिला हंगाम छान गेला. थंडीत त्याच काठ्यांवर घेवडा चढवला, म्हणून उपटल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात पुन्हा टोमॅटो. झाडं छातीएवढी झाली, फळांनी लगडली आणि जुलैत एका रात्री वारा झाला. सकाळी बघते तर तीसपैकी अकरा काठ्या आडव्या. उपटून पडल्या नव्हत्या, मोडल्या होत्या. सगळ्या एकाच जागी, बरोबर मातीच्या पातळीला! एक तुकडा उचलून पाहिला. वरचा भाग ठणठणीत, जमिनीतलं बूडही बऱ्यापैकी टणक, आणि मधलं चार बोटांचं कडं चहात बुडवलेल्या खारीसारखं. बोटानं दाबलं की पाणी.

हिरव्या टोमॅटोची शेंगदाणे घालून चटणी आठ दिवस खाल्ली. नवव्या दिवशी घरच्यांनी हात जोडले.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "वर्षभर मातीत ठेवल्यावर कुजणारच की बाई." आता पाऊस पंधरा दिवसांवर आला. कुठला बांबू घ्यावा, किती जाड घ्यावा, बुडाला काही लावावं का, की बांबूचा नाद सोडून लोखंडी काठ्या घ्याव्यात?

---

मधलीआळी · २४ मे, रात्री ९:२६

वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्या दोन कुंड्या आहेत, पण मत द्यायला येईनच.

---

तासगावचा_गडी · २४ मे, रात्री १०:०२

ताई, द्राक्षवाला आहे म्हणून बोलतो. नवीन बाग लावली की आम्हाला प्रत्येक रोपाला एक बांबू लागतोय. कोवळा वेल सुतळीनं बांधत बांधत वरच्या तारेपर्यंत न्यायचा. एकदा खोड जाड झालं आणि ओलांडे (वेलाच्या आडव्या फांद्या) तारेवर पसरले की बांबूचं काम संपलं. म्हणजे आमचा बांबू दीड-दोन वर्षं उभा राहिला तरी पैसे फिटले. तुम्हाला तोच बांबू चार वर्षं पाहिजे, तर कसं व्हायचं? काहीही न लावलेला बांबू मातीत वर्ष-दोन वर्षंच टिकतो, जातिवंत असला तरी. छपराखाली कोरडा ठेवला तर तोच कितीतरी जास्त जातोय.

तुमच्या दुकानदाराचं बोलणं तिरकं आहे, पण खोटं नाही. तुमची काठी शेंडा-बूड कुठंही न कुजता मातीलगत कुजली, कारण तिथं ओल पण असते आणि हवा पण असते. खाली हवा नाही, वर ओल टिकत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला दोन्ही लागतंय. आमच्याकडं कुंपणाचे लाकडी डांब पण तिथंच जातात.

बाग तयार झाल्यावर आमच्याकडचे जुने बांबू स्वस्तात सुटतात. मातीत होता तेवढा हात-दीड हात कापून टाकायचा. आठ फुटीचा साडेसहा फुटी होतो, वांग्या-मिरचीला झक्कास. घेताना फक्त टोकदार दाभण सोबत न्या. कापलेल्या जागी दाभण टोचायचं. कच्चकन आत गेलं तर अजून चार बोटं कापा.

---

बेटावरचा · २५ मे, सकाळी ६:४८

जावळी तालुक्यातला आहे, बांधावर बापजाद्यांची बांबूची दोन बेटं आहेत.

पहिली गोष्ट, नावांवर भांडू नका. एका गावचा मेस बांबू दुसऱ्या गावात वेगळाच निघतो. ढोबळ मानानं सांगतो. मानवेल म्हणजे जवळजवळ भरीव, पेरं थोडी वाकडी, पण दणकट. काठी, लाठी याचीच. कळक म्हणजे काटेरी, मोठा, आतून पोकळ. वाशाला, शिडीला. चिवा बारीक आणि चिवट, वाकेल पण पटकन मोडणार नाही. आणि कोकणातून ट्रकनं येतो तो माणगा, सरळ, बिनकाट्याचा, खालून बराचसा भरीव. टोमॅटोला मानवेल किंवा माणगा मागा. घेवड्याला आणि डेलियाला चिवा पुरतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बांबू वर्षागणिक जाड होत नाही. कोंब जमिनीतून निघतो तो शेवटच्या जाडीचाच निघतो, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढची तीन वर्षं तो फक्त आतून पक्का होत असतो. त्यामुळे नुसती जाडी बघून घेतलेला बांबू अंगठ्याएवढा असूनही कोवळा असू शकतो. तुमच्या त्या "पिवळ्याधमक गुळगुळीत" काठ्या वाचूनच मला शंका आली. बेटात उभा असतो तेव्हा ओळखणं सोपं: कोवळ्यावर पांढरी भुकटी आणि पेराला खोळ चिकटलेली, जुन्यावर पांढुरके डाग, रंग मळका. वाळल्यावर कोवळा बांबू आक्रसतो, अंगावर उभ्या सुरकुत्या पडतात. जूनाला पडत नाहीत.

तिसरी, दुकानात जे होतं ते. वीस-पंचवीस फुटी बांबूचे तीन तुकडे करतात. बुडखा आणि मधला तुकडा जातो बांधकामाला, मांडवाला. शेंड्याचा तुकडा "गार्डन काठी" म्हणून आपल्या गळ्यात. शेंड्याकडे भिंत पातळ. कापलेलं तोंड बघा. भिंत पेन्सिलीइतकी तरी जाड हवी. नसेल तर ती मिरचीची काठी, टोमॅटोची नाही.

वाजवून पण बघा. दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या की पक्क्या टणटण वाजतात, कोवळ्या भदभद.

---

परसदार · २५ मे, सकाळी ८:१५

बेटावरचा, सुरकुत्या! उरलेल्या एकोणीस काठ्या आत्ता जाऊन पाहिल्या. बारा काठ्यांवर उभ्या सुरकुत्या आहेत. मी त्यांना नक्षी समजत होते.

---

शंकासुर · २५ मे, सकाळी ९:३०

आता कोणीतरी येऊन "अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू घ्या" असं सांगेलच.

---

बेटावरचा · २५ मे, सकाळी ९:४१

मीच सांगणार होतो :)

आमचे आजोबा वद्य पक्षातच तोडायचे. चंद्राचं मला माहीत नाही, पण हंगामाचं माहीत आहे. पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही, कोंब येत असतात. दिवाळीनंतर थंडीत तोड. घुण लागतो तो बांबूतल्या पिठासाठी, साखरेसाठी. म्हणून तोडल्यावर दोन-तीन आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचा. पाणी ते पीठ काढून घेतं. वास असा सुटतो की आजी ओढ्यावर धुणं न्यायची नाही. तो बांबू सावलीत उभा वाळवला की घुण फारसा येत नाही.

विकत घेणाऱ्यानं एवढंच करायचं: काठी जमिनीवर हलकेच आपटायची. टाचणीएवढ्या भोकांतून मैद्यासारखी भुकटी पडली तर पुढच्या दुकानात जायचं.

---

शंकासुर · २५ मे, सकाळी ९:५५

हंगाम मान्य. चंद्र राखून ठेवतो.

---

खटावकर७२ · २५ मे, दुपारी १:२०

एवढा काथ्याकूट कशाला. गाडीचं जुनं इंजिन ऑईल बुडाला दोन हात मारा, वाळवीचा बाप येत नाही. आमच्या डांबांना वीस वर्षं हेच.

---

मिरजेची_मावशी · २५ मे, दुपारी १:५८

अहो खटावकर, डांबाला लावा, कोण नाही म्हणतंय. टोमॅटोच्या मुळाशी नका लावू. जळक्या ऑईलमध्ये इंजिनातले धातू उतरलेले असतात, ते मातीत झिरपतं आणि तीच माती आपण खातो. तसंच जुन्या लाकडी पेट्यांची, खांबांची हिरवट औषध मारलेली लाकडं कुणी फुकट दिली तरी भाजीत नको. त्यातल्या काही औषधांत चक्क आर्सेनिक असतं.

---

खटावकर७२ · २५ मे, दुपारी २:१०

मावशी, आम्ही त्याच मातीतलं खाऊन बहात्तरीला आलो.

---

मिरजेची_मावशी · २५ मे, दुपारी २:१४

दृष्ट लागू नये म्हणून काळं लावायचं ते गालाला हो, मातीला नाही.

---

कुंडीवाली_सांगली · २५ मे, दुपारी ४:०५

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू बुडवून ठेवतात असं वाचलंय. कुणी केलंय का? आणि बूड जाळून काळं करायचं तेही ऐकलं होतं.

---

पहार_आणि_पाना · २५ मे, संध्याकाळी ७:३०

कऱ्हाडला बांधकामावर सुपरवायझर होतो, आता घरी भाजी लावतो. दोन्ही करून झालंय.

बोरॅक्स घुणाला चांगलं. बांबूचं फर्निचर, छताखालचं काम, दिव्याच्या शेड, तिथं उत्तम. पण ते पाण्यात विरघळणारं मीठ आहे. पावसात आणि ओल्या मातीत हळूहळू धुऊन जातं, नेमकं जिथं पाहिजे तिथं राहत नाही. शिवाय बोरॉन जास्त झाला की झाडालाच बाधतो, पानांच्या कडा करपतात. बागेतल्या काठीला नाही वापरणार.

जाळण्याचं सांगतो ते हसत वाचा. पहिल्या वर्षी दहा काठ्या अंगणात चुलीवर धरल्या. तिसरी काठी फुटली. अहो, फुटली म्हणजे दिवाळीतला सुतळी बॉम्ब. बांबूचं पेर दोन्हीकडून बंद, आत हवा आणि ओल, तापली की जाणार कुठं? निखारा उडून बनियनला भोक, शेजारचे वकीलसाहेब भिंतीवरून बघायला आले. ज्यांना जाळायचंच आहे त्यांनी प्रत्येक पेराला आधी खिळ्यानं भोक पाडावं. मी नाद सोडला, कारण वरची साल काळी होते, आतला पोकळ भाग तसाच राहतो आणि पाणी आतूनही येतं. डांबराचंही तेच. बाहेरून कडं मारलं तर थोडा फायदा होतो, पण कापलेलं तोंड उघडं ठेवलंत तर खालून ओल चढते.

मग मी उलटा विचार केला. कुजतो कुठं? मातीलगत. तर मातीला बांबू लावायचाच नाही!

बांधकामावर १२ मिलिमीटरच्या सळईचे तुकडे उरतात, भंगारात किलोवर मिळतात. अडीच फुटी तुकडा घ्यायचा, दीड फूट जमिनीत ठोकायचा, फूटभर वर ठेवायचा. त्यावर पोकळ बांबू टोपीसारखा चढवायचा. बांबूचं खालचं तोंड मातीपासून दोन बोटं वर राहिलं पाहिजे, म्हणून खाली फरशीचा तुकडा. पाऊस पडला तरी वाऱ्यानं सुकतो. म्हणजे इथं भरीव मानवेल उपयोगाचा नाही, इथं पोकळ कळक पाहिजे.

कापायचं कसं ते नीट लक्षात घ्या, इथंच सगळे चुकतात. वरचं टोक पेराच्या गाठीच्या लगेच वर कापायचं, म्हणजे गाठीचा पडदा झाकण होतो. पाणी साठत नाही. खालचं टोकही गाठीच्या लगेच वरच कापायचं, म्हणजे खाली आख्खं पेर उघडं राहतं आणि सळईला पुढच्या गाठीपर्यंत फूटभर खोळ मिळते. चुकून गाठीच्या खाली कापलंत तर सळई पडद्याला अडते आणि तुम्ही हातोडा घेऊन बांबू फोडता. अगदी बुडख्याचा तुकडा घेऊ नका. तिथं पेरं आखूड असतात आणि भिंत जाड, पोकळी अंगठाभरही नसते. मधला तुकडा घ्या. सळई आत सैल बसली तर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची.

---

मधलीआळी · २५ मे, रात्री ८:०२

वरचं तोंड बंद ठेवण्याचं आणखी एक कारण. उघड्या पोकळीत पाणी साठतं, त्यात डासांच्या अळ्या होतात. आमच्या कॉलनीत डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या बाईंनी बॅटरी मारून दाखवल्या होत्या. कुंड्यांच्या बशा आम्ही रोज ओतत होतो आणि वर काठीत नर्सरी चालू.

बघा, दोन कुंड्यांवरून पण मत दिलं.

---

मिरजेची_मावशी · २६ मे, सकाळी ७:१०

आमच्याकडं मिरजेच्या पूर्व भागात पानमळे आहेत, नरवाड, बेडग, आरग. तिथं पानवेलीला काठी लावतच नाहीत, जिवंत झाड लावतात. शेवरी, शेवगा, हादगा. ते वाढतं, सावली देतं, कुजायचा प्रश्नच नाही. माझ्या परसात तोंडलीचा वेल शेवग्यावर सोडलाय, सात वर्षं झाली. टोमॅटोला हे चालायचं नाही, त्याला ऊन पाहिजे आणि तो एका हंगामाचा पाहुणा. पण कायमच्या वेलांना बांबू कशाला लावायचा, असं माझं म्हणणं.

बांधताना सुतळी खोडाभोवती आवळून गाठ मारू नका. काठीभोवती घट्ट, खोडाभोवती सैल, मधे तिढा, आठाच्या आकड्यासारखा. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या वापरते. नायलॉनची दोरी वाऱ्यानं खोड कापते.

---

कृष्णाकाठ · २६ मे, सकाळी १०:२०

तूर काढली असेल तर तुराट्या! वाटाण्याला, लहान मिरचीला फुकटात. एका हंगामात संपल्या की चुलीत.

---

तासगावचा_गडी · २६ मे, दुपारी १२:४५

कारवीचं कुणी काढलं नाही अजून? आमच्याकडं टोमॅटोवाले कारवीच्याच काठ्या वापरायचे. हलक्या, सरळ.

---

बेटावरचा · २६ मे, दुपारी १:३०

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, फुलून झाली की ते झाड संपतं, बी पडून पुन्हा सुरू. फुलायच्या आधीच डोंगरावरून मोळ्या निघाल्या तर बी पडणार कधी? आमच्याकडं पूर्वी कुडाच्या भिंतीला आणायचे, पण तेव्हा घरं मोजकी होती. आणि डोंगर बहुतेक वनखात्याचा, तिथली तोड परवानगीशिवाय करता येत नाही. बांबूचं बरं आहे. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या "झाड" या व्याख्येतून बांबू काढला, त्यामुळे स्वतःच्या रानातला बांबू तोडायला-न्यायला आता झाडासारखा पास लागत नाही. मुळात ते गवतच आहे. बेट व्यवस्थित काढत गेलं तर दरवर्षी नवे येतात.

---

तासगावचा_गडी · २६ मे, दुपारी १:४४

पटलं. आमच्याकडं तशीही आता मिळत नाही.

---

दूरदेशी_वाईकर · २६ मे, रात्री ११:५०

इथं दुकानात हिरवं प्लास्टिक चढवलेल्या लोखंडी काठ्या मिळतात. दोन वर्षांत उन्हानं प्लास्टिक तडकतं आणि आत गंज. चिनी टोन्किन बांबूचे गठ्ठेही मिळतात, सरळ आणि जाड भिंतीचे. पण आई गुढीची काठी पाडव्यानंतर कारल्याला लावायची, तिची सर कशालाच नाही. ती दरवर्षी पाडव्याला पुन्हा धुवून वर.

---

परसदार · ३० मे, रात्री ८:४०

काल बुरुडांकडे जाऊन आले. दुकानात नाही गेले, जिथं सुपं-टोपल्या विणतात तिथं गेले. काकांचं वय सत्तरीच्या पुढं, कोयत्यानं कामट्या काढत बसले होते. मी तुमच्या धाग्यातलं सगळं ज्ञान पाजळलं. पेन्सिलीएवढी भिंत, टणटण, सुरकुत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक बांबू गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी वाकवला, सोडला. तो सरळ झाला. दुसरा वाकवला, तो थोडा वाकडाच राहिला. "ह्यो न्हाई न्यायचा," म्हणाले. बस्स, एवढंच.

मग म्हणाले, "टोमॅटोला सासनकाठी लागत न्हाई, ताई. झाडाच्या मापाची घ्या." (आमच्या जिल्ह्यातल्या पाडळीला ज्योतिबाच्या पहिल्या सासनकाठीचा मान, त्यामुळे इकडं उंच बांबू म्हटलं की हीच उपमा.) त्यांच्या हिशेबानं उंच वाढणाऱ्या टोमॅटोला साडेसात-आठ फुटी, अंगठ्याएवढी. वांग्या-मिरचीला चार फुटी, करंगळीएवढी. डेलियाला साडेतीन-चार फुटी चिवा.

पंधरा भरीव, पंधरा पोकळ घेतल्या. पोकळ त्यांनीच माझ्यासमोर पहारवाल्या दादांच्या पद्धतीनं कापून दिल्या. आधी त्यांना ते पटेना. "बूड उघडं ठेवायचं?" तीनदा विचारलं. मग सळईचं सांगितल्यावर हसले आणि म्हणाले, "मग काय, छत्रीच की."

---

पहार_आणि_पाना · ३० मे, रात्री ९:०५

उघड्या तोंडावर दोन वेढे बाइंडिंग वायरचे मारा, नाहीतर वाऱ्याच्या झटक्यानं बांबू उभा चिरतो. हे सांगायचं राहिलं.

आणि काठी आधी, रोप मागाहून. मोठ्या झाडाशेजारी सळई ठोकली की मुळं तुटतात. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून. काठी त्या अंगाला लावा, झाड पूर्वेला. म्हणजे वारा काठीवर येतो आणि झाड बांधलेल्या पट्टीवर ओढलं जातं, काठीवर घासत नाही. वाऱ्याबद्दल शंका असेल तर चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघून या.

---

कुंडीवाली_सांगली · ३१ मे, सकाळी ११:१५

एक काळजीचं. मागच्या वर्षी कुंडीतलं तण काढायला वाकले आणि काठीचं टोक भुवईला लागलं. बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता. तेव्हापासून प्रत्येक काठीवर दिवाळीतली जुनी पणती उलटी घालते. उंच काठ्यांना नको, कमरेएवढ्यांना मात्र नक्की.

---

मधलीआळी · ३१ मे, सकाळी ११:३२

पणत्यांची आयडिया आवडली. उघड्या तोंडाचं झाकणही झालं.

---

परसदार · २१ जुलै, संध्याकाळी ६:२०

हजेरी लावते. मागच्या आठवड्यात दोन दिवस वारा आणि झड. तीसपैकी एकही काठी आडवी नाही. दोन सळईवाल्या कलल्या, कारण तिथं मुरूम लागला म्हणून मी सळई फूटभरच ठोकली होती. आळस माझा. एक पोकळ काठी चिरली, ती नेमकी ज्यावर तार गुंडाळायची राहिली होती ती. एका काठीसाठी कोण तारेचं बंडल उघडणार, असं मनात म्हणाले होते.

भरीव काठ्या उभ्या आहेत, पण खरा निकाल पुढच्या वर्षी. एक बदल केला: हंगाम संपला की त्या उपटून, धुवून, ओसरीत आडव्या ठेवणार. मागच्या वेळी त्या वर्षभर मातीतच उभ्या होत्या.

---

तासगावचा_गडी · २१ जुलै, रात्री ८:००

धुताना करप्याची काळजी घ्या. काठीला चिकटलेली पानं, सुतळीचे तुकडे सगळे काढून जाळायचे, मग काठ्या कडक उन्हात. आम्ही बाग छाटल्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो तेव्हा बांबूंवरपण हात फिरतो. रोगाचे कण मरतात. त्यानं बांबू कुजायचा थांबतो असं मी म्हणत नाही. आणि जिथं टोमॅटो होते तिथं पुढच्या वर्षी टोमॅटो नको, वांगंपण नको. एकाच घराण्यातले ते.

---

परसदार · १९ सप्टेंबर, सकाळी ७:५५

तातडीचा प्रश्न. दोडक्याकडच्या एका जुन्या काठीला करंगळी जाईल एवढं गोल भोक पडलंय, खाली भुसा. सकाळपासून एक मोठा काळा भुंगा आत-बाहेर करतोय. घुण एवढा मोठा असतो का? काठी जाळू का?

---

बेटावरचा · १९ सप्टेंबर, सकाळी ८:२०

जाळू नका! घुणाचं भोक टाचणीएवढं आणि खाली मैदा. हे गोल मोठं भोक म्हणजे काळ्या भुंग्याचं, तेही बहुतेक मादीचं. आत पेरात ती अंड्यांसाठी खोल्या करते. भुंगा म्हणत असलो तरी ही एक मोठी माशीच, ती वांग्या-टोमॅटोच्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवते, तेव्हा आतले परागकण बाहेर पडतात. साध्या मधमाशीला ते जमत नाही.

---

परसदार · १९ सप्टेंबर, सकाळी ८:३१

म्हणजे यंदा वांगी एवढी धरलीत ती हिच्यामुळे? ठीक आहे, काठी राहू दे. पण ती आदल्या काठ्यांतली आहे, दाभण टोचलं तर मातीलगत अर्धं आत गेलं. पडली तर?

---

पहार_आणि_पाना · १९ सप्टेंबर, सकाळी ९:१०

शेजारी सळई ठोका आणि काठी तिला दोन ठिकाणी बांधा. भोक पूर्वेला असेल तर फिरवू नका.

---

खटावकर७२ · १९ सप्टेंबर, सकाळी ९:२५

ऑईल लावू नका मात्र. भाडेकरू पळून जाईल.